वर्गणी सर्वांची, पावतीपुस्तक कोणाचे?

2025 च्या जुलैत विधिमंडळाने, संघटना बेकायदा ठरवण्याचे अधिकार सरकारला देणारे जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. त्याच्या आगेमागे सामाजिक संस्था, शाहिरी पथके, पथनाट्य करणारे गट यांच्याविषयी महाराष्ट्रात पुष्कळ बोलले गेले, आणि बहुतेक वेळा वाईट रीतीने बोलले गेले. एका बाजूचे म्हणणे असे की डफ घेऊन चौकात उभी राहणारी माणसे समाजात फूट पाडतात, त्यांच्या संस्थांचा पैसा कुठून येतो ते आधी तपासा. दुसऱ्या बाजूचे उत्तर असे की कला माणसे जोडते, संस्था लोकशाहीचा कणा आहेत, त्यांना हात लावाल तर खबरदार. एकीला प्रत्येक संघटना संशयित, दुसरीला प्रत्येक संघटना पवित्र. एखादे मंडळ नेमके काय केल्याने माणसे जोडते आणि काय केल्याने तोडते, हे मात्र दोघांपैकी कोणीच विचारत नाही. या प्रश्नाचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे आणि ते बऱ्यापैकी नेमके आहे.

माझी भूमिका आधीच सांगून टाकायला हवी. संस्थांमुळे आणि कलेमुळे गाव, मोहल्ला, शहर खरोखर सर्वांचे होऊ शकते, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण ते आपोआप होत नाही, आणि एका दिवसाच्या एकता मेळाव्याने तर मुळीच होत नाही. वेगवेगळ्या जातीधर्मांची, भाषांची, धडधाकट आणि अपंग अशी माणसे एकाच कामाला आठवड्यामागून आठवडे बरोबरीच्या हक्काने लागली, तरच होते. म्हणून नाटकात प्रयोगापेक्षा तालीम मोठी आणि मंडळात व्यासपीठापेक्षा पावतीपुस्तक मोठे. वर्गणीची वही, खोलीची किल्ली आणि बँकेतली सही कोणाच्या हातात आहे, यावरून ते मंडळ कोणाचे ते कळते. बाकीचे फलकावरचे शब्द.

विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा आधी मान्य करू, कारण तो खरा आहे. गाणे जोडते तसेच तोडतेही. ऑगस्ट 1893 मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमान दंगल झाली आणि त्याच सुमारास पुण्यात गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप आले. 1894 च्या उत्सवात मेळे निघाले. एकसारखा पोशाख केलेली मुले-तरुण, आठवडे-पंधरवडे घोकून पाठ केलेली पदे, टाळ, लेझीम, रस्त्यावरची शिस्तबद्ध मांडणी. तोवर पुण्यातले कितीतरी हिंदू मोहरमच्या ताबुतांत हौसेने सामील होत, स्वतः ताबूत बसवत. त्या वर्षी ते पाय मागे घेतले गेले, आणि पाय मागे घ्या असे सांगणारी पदे या मेळ्यांतून गायली गेली. आता पाहा, कलापथकाचे म्हणून जेवढे गुण सांगितले जातात तेवढे सगळे मेळ्यांत होते. ते स्थानिक होते, स्वयंस्फूर्त होते, कमी खर्चाचे होते, त्यांची तालीमही भरपूर होत होती. मग चुकले कुठे? ज्याच्याविषयी पद रचले जात होते, तो पद रचताना खोलीत नव्हता. एवढी एकच गोष्ट कमी होती आणि तिनेच सगळे बदलले.

पुढे 1920 च्या दशकात ब्राह्मणेतर चळवळीतले केशवराव जेधे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात छत्रपती मेळा काढला. ज्यांना उत्सवात फक्त गर्दी म्हणून स्थान होते, त्यांनी त्याच साधनाने जाब विचारला. तो विचारणे न्याय्यच होते. पण मेळ्यासमोर मेळा उभा राहिला की दोघांचीही पदे झोंबरी होत जातात, हेही पुण्याने पाहिले. अर्थशास्त्रज्ञ मॅट लोव यांनी उत्तर प्रदेशात वेगवेगळ्या जातींच्या तरुणांचे क्रिकेट सामने भरवून जे तपासले, ते इथे चपखल बसते. एकाच संघात मिसळून खेळलेल्या तरुणांच्या दुसऱ्या जातीतल्या मैत्र्या वाढल्या. दुसऱ्या जातीच्या तरुणांविरुद्ध खेळण्याने मात्र उलटाच परिणाम झाला. मैदान तेच, खेळ तोच, फरक फक्त संघ कसा बांधला याचा. आपल्याकडे सर्वपक्षीय, सर्वधर्मीय म्हणून ज्या स्पर्धा भरवल्या जातात, त्यांत या गल्लीचा संघ विरुद्ध त्या मोहल्ल्याचा संघ असेच बहुधा असते. करंडक देताना दोन्ही कर्णधारांचे हात एकत्र उंचावले म्हणजे काम झाले, असे संयोजकांना वाटते. संघ मिश्र केला असता तर सामन्याआधीचे चार आठवडे कामी आले असते.

या सगळ्यात दादरचा 1926 चा प्रसंग मला निर्णायक वाटतो. तिथल्या सार्वजनिक गणेशोत्सवात अस्पृश्यांना पूजेचा हक्क हवा, ही मागणी घेऊन प्रबोधनकार ठाकरे, रावबहादूर सी. के. बोले आणि डॉ. आंबेडकर उभे राहिले. युक्तिवाद साधा होता. उत्सव सार्वजनिक म्हणवतो, वर्गणी सर्वांकडून गोळा होते, तर पूजा काही जणांपुरतीच का? तडजोड निघाली ती अशी की अस्पृश्य भक्ताने फुले पुजाऱ्याच्या हाती द्यावीत आणि पुजाऱ्याने ती मूर्तीला वाहावीत. त्यानंतर प्रबोधनकारांनी दादरला सार्वजनिक नवरात्रोत्सव सुरू केला. त्या तडजोडीत आपल्या आजच्या बहुसंख्य 'सर्वसमावेशक' उपक्रमांचे चित्र आहे. फुले तुमची, हात आमचे. तुमचे येणे आम्हाला हवे आहे, फोटोतही हवे आहे, पण शेवटची कृती आमच्याच हातून होईल. वर्गणी हा पैसा नसतो, तो सभासदत्वाचा पुरावा असतो, हे त्या तिघांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते.

आता कोणी म्हणेल, पोटापाण्याचे पाहा, लोक एकमेकांवर धंद्यासाठी अवलंबून असले की आपोआप गोडीने राहतात, नाटके-गाणी हवीत कशाला? याला भिवंडीचे उत्तर पुरेसे आहे. यंत्रमागाच्या धंद्यात सूत विकणारा, मागाचा मालक, कामगार, कापड उचलणारा यांचे धागे दोन्ही समाजांत पक्के गुंतलेले होते. तरी मे 1970 मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीनंतर भिवंडी पेटली, आणि 1984 मध्ये पुन्हा पेटली. धंद्याची गरज दंगल थांबवायला अपुरी पडली. 1988 नंतर सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त असताना मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या आणि डिसेंबर 1992-जानेवारी 1993 मध्ये मुंबईत सुमारे 900 माणसे मारली जात असताना शेजारची भिवंडी शांत राहिली. राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी, विशेषतः आशुतोष वार्ष्णेय यांनी, देशातल्या शहरांची तुलना करून जे मांडले त्याच्याशी हे जुळते. खेड्यात रोजची शेजारधर्माची ओळख बऱ्याच अंशी पुरते, पण शहर मोठे झाले की दोन्ही समाजांना एकत्र बांधणाऱ्या रीतसर संघटना लागतात.

भिवंडीच्या समित्या का चालल्या, हे जवळून पाहण्यासारखे आहे, कारण शांतता समित्या तर प्रत्येक शहरात असतात. नेहमीची शांतता समिती ताण निर्माण झाल्यावर बसते. पोलीस ठाण्यात चहा येतो, दोन्ही समाजांतले पुढारी, नगरसेवक, 'प्रतिष्ठित नागरिक' निवेदन काढतात आणि घरी जातात. त्यांतल्या अर्ध्या लोकांना त्या भांडणातूनच मते मिळायची असतात. भिवंडीत समित्या ताण नसताना बसल्या. त्यांत पुढाऱ्यांऐवजी साधी माणसे होती, दोन्ही समाजांची, एकाच मोहल्ल्यातली. बैठका ठरलेल्या अंतराने होत. विषय शांततेचा नसे, तर नळावरच्या भांडणाचा, कर्ण्याच्या आवाजाचा, पोरीबाळींना त्रास देणाऱ्या टोळक्याचा, मिरवणुकीच्या वाटेचा असे. शंभर क्षुल्लक तक्रारी बरोबरीने निस्तरलेल्या माणसाकडे एकशेएकाव्या रात्री अफवा घेऊन जाता येते आणि विचारता येते, खरे काय? या समित्यांची उणीवही सांगितली पाहिजे. त्या एका अधिकाऱ्याच्या चिकाटीवर उभ्या होत्या, आणि अधिकाऱ्याची बदली होते. पोलिसाने बांधलेले तंत्र नागरिकांच्या स्वतःच्या मंडळांनी उचलायला हवे होते.

बैठका आणि समित्या पुरत असतील तर कला कशाला? कारण बैठकीत माणूस स्वतःच्याच बाजूने बोलतो. तालमीत त्याला दुसऱ्याची ओळ बोलावी लागते. मराठी मुलखाने हे साधन फार पूर्वीपासून घडवले आहे. 1944 मध्ये उभे राहिलेले लाल बावटा कलापथक घ्या. अण्णा भाऊ साठे वाटेगावच्या मातंग घरातले, अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, आणि तिसरे द. ना. गवाणकर. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात याच शाहिरांनी गिरणगावापासून खेड्यांपर्यंत माणसे जागवली. या प्रकारच्या पथकात काय घडते ते एकदा उभे राहून पाहावे. शाहीर कडव्याची शेवटची ओळ सोडतो आणि झीलकऱ्याने ती त्याच मात्रेवर उचलायची असते. अर्धी मात्रा उशीर झाला की ओळ पडते. लवकर उचलली तर शाहिराचा श्वास कापला जातो. म्हणून झीलकरी शब्दांकडे कमी आणि शाहिराच्या छातीकडे जास्त पाहतो, तो श्वास कुठे घेतो, कोणत्या अक्षरावर दमतो, आज घसा बसला आहे का. तुणतुणेवाला सूर धरून उभा, डफवाल्याची बोटे झीलकऱ्याच्या आवाजाची वाट पाहत. दुसऱ्या माणसाचा श्वास इतक्या बारकाईने ओळखण्याची गरज आपल्याला एरवी कुठे पडते? बतावणीत तर याहून पुढचा विश्वास लागतो, कारण सोंगाड्या ऐनवेळी काय बोलेल हे ठरलेले नसते आणि समोरच्याने त्याला सांभाळून घ्यायचे असते.

राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाचेही हेच. वसंत बापटांसारखा कवी आणि पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम करणारा निळू फुले, राम नगरकर, अशी माणसे एका पथकात आली. पुढे त्यांतली काही मोठी नट झाली, पण पथकात असताना सामान उचलायचे, पडदा बांधायचा, शाळेच्या खोलीत झोपायचे, मिळेल त्या घरी जेवायचे. कोल्हापुरात तर 'तालीम' हाच शब्द आखाड्यालाही आहे आणि नाटकाच्या सरावालाही. अरबीतून आलेला, शिक्षण असा मूळ अर्थ असलेला. तिथल्या कित्येक पेठांच्या तालमींत गणपतीही बसतो आणि मोहरमचे पंजेही. कुरुंदवाडला मशिदींत गणपती बसतात. सांगलीच्या वाळवे तालुक्यात गोटखिंडीला चार दशकांहून अधिक काळ मशिदीत मूर्ती बसते आणि प्रसादापासून विसर्जनापर्यंत मुसलमान मंडळी कामाला असतात. दरवर्षी याच्या बातम्या येतात आणि दरवर्षी त्या मूर्तीच्या जागेवर थांबतात. प्रसादाचे पातेले कोण ढवळतो, ही खरी बातमी आहे.

इथे आणखी एक कठीण आक्षेप आहे आणि तो संशोधनातूनच आला आहे. इराकमध्ये आयसिसच्या अत्याचारांनंतर सलमा मूसा यांनी ख्रिस्ती फुटबॉलपटूंच्या काही संघांत मुसलमान खेळाडू मिसळले. 2020 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आलेला त्यांचा निष्कर्ष असा की मिश्र संघांतले ख्रिस्ती खेळाडू मैदानाशी जोडलेल्या मुसलमानांशी अधिक आपुलकीने वागू लागले. पुढच्या हंगामातही मिश्र संघात खेळायला तयार झाले, महिन्यांनंतरही त्यांच्याबरोबर सराव करत राहिले. पण मैदानाबाहेरच्या अनोळखी मुसलमानांविषयीची त्यांची वागणूक फारशी बदलली नाही. म्हणजे मैत्री खोलीत झाली आणि खोलीतच राहिली. हे नाकारता येत नाही. माझ्या मते म्हणूनच तालमीला प्रयोगाची जोड लागते. फुटबॉलचा संघ खेळून घरी जातो, कलापथक मात्र मिश्र माणसांचा घोळका घेऊन अनोळखी चौकात उभे राहते. आणि चौकात फक्त दाखवून भागत नाही, बोलावे लागते. पश्चिम बंगालमध्ये 1985 पासून काम करणाऱ्या 'जन संस्कृती' या नाट्यसंस्थेने ब्राझीलचे नाटककार ऑगुस्तो बोआल यांची रीत गावोगाव वापरली आहे. प्रसंग अडचणीच्या टोकावर थांबवायचा आणि प्रेक्षकाला वर बोलावून विचारायचे, तू या सुनेच्या जागी असतीस तर काय केले असतेस, करून दाखव. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या 2013 मधल्या खुनानंतर अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी रिंगणनाट्य हाती घेतले. वारीतले रिंगण घेऊन, माणसांच्या वर्तुळात, मंचाशिवाय. खून झालेल्या माणसाचे काम गोलात उभे राहून पुढे नेणे, याहून सभ्य आणि ठाम उत्तर मला तरी सुचत नाही.

समावेशाचा आग्रह धरणाऱ्यांनी स्वतःलाच विचारायचा प्रश्न वेगळा आहे. सगळ्यांनी एकत्रच यावे, असे म्हणताना आपण दुबळ्याला बलवानाच्या घरात पाहुणा करत नाही ना? 1885 मध्ये न्या. रानडे यांच्याकडून ग्रंथकार सभेचे निमंत्रण आले तेव्हा जोतीराव फुल्यांनी नकार कळवला. जे लोक सर्व माणसांचे हक्क खुल्या मनाने मान्य करत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभा आणि पुस्तके मेळ खात नाहीत, असा त्या पत्राचा आशय. 1958 मध्ये मुंबईत दलित साहित्य संमेलन वेगळे भरले आणि अण्णा भाऊंनी त्याचे उद्घाटन केले. एप्रिल 1966 मध्ये सात मुस्लीम स्त्रिया तोंडी तलाकाविरुद्ध मोर्चा घेऊन निघाल्या आणि 1970 मध्ये हमीद दलवाईंनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापले. हे सगळे फुटून निघणे होते का? मुळीच नाही. ज्याला स्वतःचे घर आहे तोच दुसऱ्याच्या घरी ताठ मानेने जातो. याचा सर्वांत सुबक नमुना 1924 ची बहिष्कृत हितकारिणी सभा आहे. तिचे अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड होते, म्हणजे दार सर्वांना उघडे होते. पण कार्यकारी मंडळाची सूत्रे डॉ. आंबेडकरांकडे होती. 1925 मध्ये सोलापुरात वसतिगृह काढायचे की नाही, हे ज्यांची मुले तिथे राहणार होती त्यांच्या बाजूने ठरले. मिश्र सभासदत्व आणि हक्काची सूत्रे या दोन्ही गोष्टी एकाच घटनेत बसवता येतात, हे तेव्हाच सिद्ध झाले आहे.

मग आजचे गट फसतात कुठे? फार बारीक ठिकाणी. तालीम रात्री साडेआठला ठेवली की तिसऱ्या आठवड्यात मुली गळतात, आणि संयोजक म्हणतो, मुलींना आवड नाही. मुलींसाठी संध्याकाळी साडेपाचची वेळ धरली तर पाळीवर काम करणारी मुले सुटतात. त्यामुळे आठवड्यात दोन छोट्या तालमी आणि रविवारी एक मोठी, आणि घरी सोडायला ठरलेल्या जोड्या, असे करावे लागते. जागा देवळाच्या सभामंडपात घेतली की कोणीतरी कायम पाहुणा राहतो. पात्रे वाटताना मुसलमान मुलाच्या वाट्याला हमखास तो 'चांगला मुसलमान' येतो, जो तिसऱ्या प्रवेशात नायकाला वाचवताना मरतो. दलित मुलीच्या वाट्याला भाकरी थापणारी आई येते. यावर सोपा उपाय आहे. प्रत्येक भूमिका दोघांनी पाठ करायची आणि दहा तालमींनंतर अदलाबदल करून पाहायची. संहिता पहिल्या दिवशी हातात द्यायची नाही. पहिले दोन आठवडे फक्त प्रसंग गोळा करायचे, ज्याचा प्रसंग त्याच्या बोलीत. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, दखनी या बोली आपल्या रंगमंचावर हशा मिळवण्यासाठी वापरायची सवय इतकी मुरली आहे की लिहिणाऱ्याला ते कळतही नाही. त्या बोलीत कोणाला तरी रागावू द्या, कोणाला तरी न्यायनिवाडा करू द्या.

अपंगांच्या बाबतीत तर आपण इमारतच चुकीची बांधतो. 2016 च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 झाले, नाट्यगृहांना रॅम्प आले. हे रॅम्प प्रेक्षागृहापर्यंत जातात आणि तिथेच संपतात. रंगमंचावर जायला विंगेतल्या चार-पाच पायऱ्याच. मंच 3 फूट उंच असेल तर 1:12 उताराने 36 फूट लांबीचा रॅम्प लागतो, मध्ये विसाव्याची सपाट जागा वेगळी. एवढी जागा विंगेत नसते हे खरे. मग मागच्या दारातून, सामान चढवायच्या बाजूने तो काढता येतो, किंवा प्रयोग सरळ जमिनीवर करता येतो. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाने नाटक पाहावे हे आपल्याला सुचले, त्याने नाटक करावे हे सुचले नाही. कर्णबधिरांसाठी सांकेतिक भाषेचा दुभाषा बोलावतात आणि त्याला काळोखात कोपऱ्यात उभे करतात, संहिता त्याच दिवशी देतात. त्याला निदान आठवडाभर आधी संहिता हवी, हातांवर न हलणारा प्रकाश हवा, अंगात गडद साधे कपडे हवेत, आणि प्रयोग लांब असेल तर दर 20-30 मिनिटांनी बदलायला दुसरा दुभाषा हवा.

पैशाच्या बाबतीत संशय घेणाऱ्यांनीही आणि ज्यांच्यावर तो घेतला जातो त्यांनीही थोडे नेमके बोलावे. परकीय देणग्यांचा कायदा 2020 मध्ये बदलला. परकीय निधी घेणाऱ्या संस्थेला तो दुसऱ्या संस्थेकडे वळवायला बंदी आली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली. याचा फटका बसला तो तालुक्याच्या गावातल्या छोट्या गटांना, ज्यांना मोठ्या संस्थेमार्फत थोडा पैसा मिळत असे. त्यांचा सगळा खर्चच माणसांचा असतो. कंपन्यांचा सामाजिक निधी, म्हणजे नफ्याचे 2 टक्के, वर्षावर्षाच्या बोलीने येतो आणि मोजणीला उपस्थितांची संख्या मागतो. नियमांत सुरुवातीचे वर्ष सोडून आणखी 3 वर्षे प्रकल्प चालवायची मोकळीक आहे, तरी ती वापरणारे थोडे. एका वर्षात मिळते काय? दोन मेळावे आणि एक स्मरणिका. मिश्र गटाला एकमेकांवर रागावून पुन्हा खोलीत यायलाच पहिले वर्ष लागते.

पण दोष सगळा बाहेरचा नाही. महाराष्ट्रात संस्था नोंदवायला निदान 7 जण लागतात आणि विश्वस्त मंडळ बदलले की 90 दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो. असंख्य संस्थांत तो वर्षानुवर्षे दाखल होत नाही. कागदावर जुनेच, काही वेळा वारलेले विश्वस्त राहतात. नव्याने आलेली मुसलमान तरुणी, भटक्या समाजातला मुलगा काम करतात, पण सही त्यांची चालत नाही, आणि वाद झाला की कागद काढून त्यांना सांगितले जाते, तुम्ही आमचे कोणीच नव्हता. बँकेच्या खात्यावर दोन सह्या, त्या दोन वेगवेगळ्या वस्त्यांतल्या, खजिनदार दर दोन वर्षांनी बदललेला, आणि चेंज रिपोर्ट निवडीनंतर पहिल्याच महिन्यात, एवढे केले तरी अर्धे काम होते. समतेच्या घोषणेपेक्षा हा रटाळ कागद मोलाचा आहे.

सरकारकडूनही मागणे फार नाही. नाटकाची संहिता प्रयोगाआधी राज्याच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे मंजुरीसाठी पाठवायची आपली पद्धत गल्लीत तयार होणाऱ्या, रोज बदलणाऱ्या नाटकाला लागू करणे अशक्य आहे. अशा छोट्या प्रयोगांना तिच्यातून सूट द्यावी. आणि जागा द्यावी. महापालिकेच्या शाळा संध्याकाळी रिकाम्या असतात, पटसंख्या घटून कित्येक वर्गखोल्या दिवसाही बंद असतात. एका प्रभागात एक खोली, आठवड्यातून तीन वेळा, वीजबिल पालिकेचे. अट एवढीच की अर्ज दोन वस्त्यांतल्या माणसांनी मिळून करावा, आणि खोलीच्या दोन किल्ल्यांपैकी एक या वस्तीत राहावी, एक त्या.